ख्रिस्ती यात्रामार्गांचा उगम आणि अर्थ : जेरुसलेम, रोम, सांतियागो

भारतीय भाषांत यात्रेसाठी जो शब्द रूढ आहे, त्याच्या केंद्रस्थानी जागा आहे. 'तीर्थ' म्हणजे मुळात नदी ओलांडण्याचे ठिकाण, उतार. तेथून पलीकडे जाता येते म्हणून ते पवित्र. युरोपातील भाषांनी ख्रिस्ती यात्रेकरूसाठी जो शब्द स्वीकारला, त्याचे मूळ लॅटिनमधील 'पेरेग्रिनुस' या शब्दात आहे. त्याचा अर्थ परका, परमुलखातून आलेला. रोमन कायद्यात ज्याला नागरिकत्व नाही, त्यालाही हेच नाव होते. एक शब्द ठिकाण सांगतो, दुसरा चालणाऱ्याची स्थिती सांगतो. ख्रिस्ती यात्रामार्गांचा दीड हजारांहून अधिक वर्षांचा इतिहास पाहताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. कारण पवित्र स्थळांशी या धर्माचे नाते आरंभापासून निःशंक नव्हते, आणि ती शंका आजही पुरती मिटलेली नाही.

येशूचा जन्म ज्या ज्यू समाजात झाला, त्या समाजात वर्षातील तीन सणांना जेरुसलेमच्या मंदिरी जाण्याची आज्ञा होती. बारा वर्षांचा येशू आईवडिलांसोबत वल्हांडण सणाला जेरुसलेमला गेला आणि परतीच्या वेळी मंदिरातच मागे राहिला, अशी कथा लूकच्या शुभवर्तमानात आहे. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र तोच येशू विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीला सांगतो, की खऱ्या उपासनेला ना हा डोंगर लागतो, ना जेरुसलेम. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने मंदिर उद्ध्वस्त केले. पुढे सम्राट हेड्रियनने शहराचे नावही बदलले. पहिल्या तीन शतकांतील ख्रिस्ती समाजाला तीर्थस्थानाची उणीव भासल्याचे फारसे दिसत नाही. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात या पंथाचा उल्लेख 'मार्ग' असा येतो, तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धावंतांना पृथ्वीवरील परके व प्रवासी म्हटले आहे. जायचे कोठे, हे ठरण्यापूर्वीच चालण्याची कल्पना या धर्मात रुजली होती.

परिस्थिती पालटली ती चौथ्या शतकात. ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस या सम्राटांनी ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली. कॉन्स्टंटाइनची आई हेलेना उतारवयात पॅलेस्टाइनला जाऊन आली. येशूचे थडगे म्हणून मानल्या गेलेल्या जागेवर सम्राटाने बांधविलेल्या चर्चचे समर्पण ३३५ मध्ये झाले. त्याच सुमारास, ३३३ मध्ये, आजच्या फ्रान्समधील बोर्दो शहराचा एक अनाम यात्रेकरू जेरुसलेमला गेला. त्याची नोंदवही ही ख्रिस्ती यात्रामार्गाची ज्ञात असलेली सर्वांत जुनी नोंद होय. तिच्यात भक्तिभाव शोधू जाणाऱ्याची निराशा होते. घोडे बदलण्याचे ठाणे, मुक्कामाचे ठाणे, शहर आणि दोहोंमधील अंतर, एवढाच तपशील पानोपानी आहे. मिलान, कॉन्स्टँटिनोपल, अनातोलिया, अँटिऑक असा तो मार्ग. पवित्र भूमीत पोहोचल्यावर मात्र लेखणी काहीशी सैल होते आणि बायबलमधील प्रसंगांच्या जागांचे वर्णन येऊ लागते. त्याने नोंदविलेली ठाणी यात्रेकरूंसाठी बांधलेली नव्हती. ती साम्राज्याच्या सरकारी दळणवळणाची होती. सैन्य, सरकारी निरोप आणि अधिकारी यांच्यासाठी आखलेल्या रस्त्यावरूनच पहिला यात्रामार्ग गेला.

यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने, ३८१ ते ३८४ या काळात, एगेरिया नावाची स्त्री साम्राज्याच्या पश्चिम टोकाकडून, बहुधा आजच्या स्पेनमधील गॅलिसियातून, पूर्वेला आली. मागे राहिलेल्या 'भगिनीं'साठी तिने लिहिलेल्या वृत्तांताचे हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतील अरेत्झो येथे सापडले. त्याचा आरंभ आणि शेवट दोन्ही गहाळ आहेत. सिनाय पर्वताची उभी चढण तिने पायी पार केली. प्रत्येक स्थळी पोहोचल्यावर त्या स्थळाशी निगडित बायबलचा भाग तेथेच वाचला जावा, असा तिचा आग्रह असे. जेरुसलेममधील पवित्र सप्ताहाचे तिचे वर्णन तर आजही ख्रिस्ती उपासनेच्या अभ्यासकांना टाळता येत नाही. शुभ शुक्रवारी येशूच्या क्रुसाचे मानले जाणारे लाकूड चुंबनासाठी पुढे ठेवले जाई, तेव्हा सेवकवर्ग भोवती खडा पहारा देई. कारण पूर्वी कोणा भाविकाने चुंबनाच्या मिषाने दातांनी त्याचा तुकडा तोडून नेला होता, असे ती सांगते. पवित्र वस्तूजवळ जाण्याची ओढ किती देहधारी होती, हे या एका ओळीवरून उमगते.

नेमक्या याच काळात विरोधाचा सूरही उमटला. कप्पदोकियातील निसा येथील बिशप ग्रेगरी स्वतः जेरुसलेमला जाऊन आले होते. परतल्यावर त्यांनी एका पत्रात लिहिले, की जागा बदलल्याने देव जवळ येत नाही. तसे असते तर त्या शहरात इतके पाप दिसले नसते. वाटेवरच्या धर्मशाळांत स्त्रियांच्या शीलाला असलेला धोकाही त्यांनी नोंदविला. बायबलचे लॅटिन भाषांतरकार संत जेरोम यांची भूमिका अधिक गुंतागुंतीची आहे. ३८६ पासून मृत्यूपर्यंत ते बेथलेहेमला राहिले आणि रोममधील परिचितांना तेथे येण्याची गळ घालत राहिले. नोला येथील पॉलिनस यांना मात्र त्यांनी कळविले, की स्वर्गाचे दार जेरुसलेममधून जितके उघडे आहे, तितकेच ब्रिटनमधूनही. याला दुटप्पीपणा म्हणणे सोपे आहे. पण पुढील सर्व शतकांत ख्रिस्ती यात्रेचे समर्थन आणि टीका बहुधा एकाच माणसाच्या मनात शेजारी शेजारी नांदताना दिसते, आणि जेरोम त्यातील पहिले ठळक उदाहरण होत.

थडग्यांकडे वळलेली पावले

रोमन रिवाजानुसार मृतांचे दफन शहराच्या वेशीबाहेर होई. मृतांचा वास आणि जिवंतांचा वास यांत सीमारेषा होती. ख्रिस्ती लोकांनी ती पुसली. हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी ते जमू लागले, तेथे वेदी उभारू लागले, आणि कालांतराने अस्थी शहरात आणून चर्चमध्ये ठेवू लागले. व्हॅटिकन टेकडीवर पेत्राचे आणि ओस्तियाच्या रस्त्यावर पौलाचे थडगे मानले जात असल्याने रोमला दुहेरी महत्त्व आले. समाधिस्थळी नतमस्तक होण्याची सवय असलेल्या भारतीय वाचकाला यात नवल वाटणार नाही; त्या काळच्या रोमन माणसाला मात्र ते किळसवाणे वाटत असे. ख्रिस्ती यात्रामार्गांचे जाळे बहुतांशी थडग्यांना जोडणारे आहे. त्यातील पहिले आणि सर्वोच्च थडगे, जेरुसलेमचे, पुनरुत्थानाच्या श्रद्धेनुसार रिकामे आहे.

याच काळात आयर्लंडमध्ये वेगळी परंपरा वाढली. तेथील संन्याशांनी 'परकेपणा' हेच व्रत मानले. गंतव्य न ठरवता मायभूमी कायमची सोडायची, एवढाच त्याचा विधी. ५६३ मध्ये कोलुंबा आयोना बेटावर गेले. कोलुंबानुस फ्रान्स, आल्प्स असे हिंडत इटलीतील बोब्बिओ येथे ६१५ मध्ये निवर्तले. त्यांना कोणत्याही थडग्याचे दर्शन घ्यायचे नव्हते. यात्रामार्गांच्या इतिहासात हा प्रवाह क्षीण वाटला, तरी पुढे जेव्हा जेव्हा 'चालणे हीच यात्रा' असे म्हटले गेले, तेव्हा त्याची आठवण झाली.

रोमला जाणाऱ्या उत्तरेकडील मार्गाचा नकाशा आज काढता येतो तो कँटरबरीचे आर्चबिशप सिजेरिक यांच्यामुळे. पदग्रहणाचे वस्त्र पोपकडून स्वीकारण्यासाठी ते ९९० मध्ये रोमला गेले आणि परतीच्या वाटेवरील सुमारे ८० मुक्कामांची यादी त्यांच्या नावे शिल्लक राहिली. हाच 'व्हिया फ्रान्चिजेना', म्हणजे फ्रँकांच्या देशातून येणारा रस्ता. १३०० मध्ये पोप आठवे बोनिफेस यांनी पहिले ज्युबिली वर्ष जाहीर केले, तेव्हा रोममध्ये इतकी गर्दी झाली, की टायबर नदीवरील पुलावर येणाऱ्यांची आणि जाणाऱ्यांची रांग वेगळी करावी लागली. दान्तेने आपल्या महाकाव्यात नरकाचे एक दृश्य रंगविताना उपमेसाठी नेमकी हीच व्यवस्था घेतली आहे.

जेरुसलेमवर सातव्या शतकात अरबांची सत्ता आली, तरी यात्रा थांबल्या नाहीत. १००९ मध्ये फातिमी खलिफा अल-हाकिमने पवित्र थडग्याचे चर्च पाडले. १०९५ मध्ये पुकारलेल्या पहिल्या क्रुसेडमध्ये सामील झालेल्यांनी घेतलेले व्रत यात्रेकरूचेच होते. हाती काठीसोबत तलवार आली. १०९९ मध्ये शहर जिंकताना झालेला संहार हा या परंपरेवरील सर्वांत गडद डाग आहे. त्याच शहरात इटलीतील अमाल्फीच्या व्यापाऱ्यांनी क्रुसेडपूर्वीच यात्रेकरूंसाठी शुश्रूषागृह उभारले होते. त्यातून पुढे हॉस्पिटलर हा संघ निघाला. पाहुणा आणि यजमान या दोघांसाठी लॅटिनमध्ये एकच शब्द आहे, 'होस्पेस'. हॉटेल, होस्टेल, हॉस्पिटल हे सारे त्याचेच वंशज. मराठीत 'इस्पितळ' हा शब्द पोर्तुगीजांमार्फत आला, तोही याच कुळातील. आजारी माणसासाठी राखलेली जागा हा त्याचा नंतरचा अर्थ. आधी ती वाटसरूची होती.

सांतियागोची वाट

यात्रामार्ग या कल्पनेला पूर्ण रूप आले ते स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात. प्रेषित याकोब, स्पॅनिश भाषेत सांतियागो, याचा इ. स. ४४ च्या सुमारास हेरोद राजाने जेरुसलेममध्ये वध केला, असे नवा करार सांगतो. त्याने स्पेनमध्ये धर्मप्रसार केला होता आणि शिष्यांनी त्याचा देह नावेतून गॅलिसियाच्या किनाऱ्यावर आणला, ही त्यानंतर कित्येक शतकांनी रूढ झालेली आख्यायिका. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात पेलायो नामक एका तपस्व्याला रानात दिवे दिसले, इरिया फ्लावियाचे बिशप थिओदेमिर यांनी तेथे थडगे शोधले आणि अस्तुरियासचा राजा दुसरा अल्फोन्सो याने त्यावर चर्च बांधले, असे परंपरा मानते. तेथे याकोबच पुरलेला आहे, याला ऐतिहासिक पुरावा नाही. थिओदेमिर मात्र काल्पनिक नव्हते : १९५५ मध्ये कॅथेड्रलखालील उत्खननात त्यांच्या नावाची समाधिशिला मिळाली, तीवर ८४७ हे निधनवर्ष आहे.

काळ लक्षात घेतला तर या शोधाचे राजकीय मोल कळते. इबेरियाचा बहुतेक भाग त्या वेळी मुस्लिम सत्तेखाली होता आणि उत्तरेकडील चिमुकल्या ख्रिस्ती राज्यांना एका प्रेषिताचा आधार मिळाला. पुढे याच कोळी प्रेषिताला पांढऱ्या घोड्यावर बसवून 'मूरांचा संहारक' करण्यात आले. ज्या क्लाविहोच्या लढाईत तो प्रकटला असे म्हणतात, ती लढाई झालीच नसावी असे इतिहासकारांचे मत आहे. उलट बाजूची आठवणही तितकीच बोलकी आहे. ९९७ मध्ये कोर्दोबाचा सेनानी अल-मन्सूर याने सांतियागो लुटले आणि चर्चच्या घंटा नेल्या. १२३६ मध्ये कोर्दोबा जिंकल्यावर राजा तिसऱ्या फर्नांदोने त्या घंटा मुस्लिम कैद्यांच्या खांद्यांवरून परत पाठविल्या. एका यात्रामार्गावर भक्तीसोबत काय काय वाहून नेले जाते, याचा हा दाखला होय.

स्पेनबाहेरून आलेला पहिला नामनिर्दिष्ट यात्रेकरू म्हणजे फ्रान्समधील ल पुई येथील बिशप गोदेस्काल्क, वर्ष ९५०-५१. १०७५ मध्ये आजच्या कॅथेड्रलचे काम सुरू झाले आणि बाराव्या शतकात यात्रेने शिखर गाठले. त्या काळातील 'कोदेक्स कालिक्स्तिनुस' या हस्तलिखिताचा पाचवा भाग हा यात्रेकरूंसाठीचा मार्गदर्शक आहे. पॅरिसकडून तूरमार्गे येणारी, व्हेझलेहून येणारी, ल पुईहून येणारी आणि आर्लहून येणारी अशा चार वाटा तो सांगतो. पिरेनीज पर्वत ओलांडून त्या पुएन्ते ला रेइना, म्हणजे 'राणीचा पूल', या गावी एक होतात. हा पूल अकराव्या शतकात यात्रेकरूंसाठी बांधलेला असून आजही त्यावरून माणसे चालतात. मार्गदर्शकाचा लेखक पूर्वग्रहांनी भरलेला आहे; नवारेच्या रहिवाशांविषयी त्याने लिहिलेले आज छापणे अवघड. एका खारट नदीच्या काठी दोन माणसे सुऱ्यांना धार लावीत बसलेली असतात, पाणी पिण्याजोगे आहे असे खोटेच सांगतात आणि ते पिऊन मेलेल्या घोड्यांची कातडी सोलतात, अशी तक्रार त्यात आहे. त्याच ग्रंथातील एका प्रवचनात खानावळवाल्यांवर कोरडे ओढले आहेत : चाखायला उत्तम वाइन द्यायची आणि विकताना भलतीच. यात्रेच्या गावी गेलेल्या कोणाही माणसाला हे ओळखीचे वाटेल.

त्याच प्रवचनात यात्रेकरूच्या झोळीचा अर्थ सांगितला आहे, आणि ख्रिस्ती यात्रेचे मर्म सांगायचे तर तो पुरेसा आहे. झोळी लहान असावी, कारण फार शिदोरी बाळगणाऱ्याचा देवावर भरवसा नसतो. ती मेलेल्या जनावराच्या कातड्याची असावी, देहवासना मारण्याची खूण म्हणून. आणि तिचे तोंड बांधलेले नसावे. जवळचे देता यावे आणि दिलेले घेता यावे. निघण्यापूर्वी धर्मगुरू झोळी आणि काठी आशीर्वादून देत. यात्रेकरू मृत्युपत्र करी, देणी फेडी, शत्रूंशी समेट करी. परतीच्या वेळी टोपीवर शिंपला लावलेला असे. सांतियागोच्या किनाऱ्यावरचा हा शिंपला पुढे सर्वच ख्रिस्ती यात्रेकरूंची खूण झाला. सगळेच स्वेच्छेने चालत असे मात्र नव्हे. फ्लँडर्समधील नगरांत मारामारीसारख्या गुन्ह्यांसाठी यात्रेची शिक्षा दिली जाई. श्रीमंत माणूस पैसे देऊन आपल्या वतीने दुसऱ्याला चालायला धाडी. इंग्लंडच्या मार्जरी केम्पने चौदा अपत्यांनंतर संसारापासून अंतर राखून जेरुसलेम, रोम आणि सांतियागो या तिन्ही यात्रा केल्या. तिच्या मोठ्याने रडण्याला कंटाळून सहप्रवासी तिला टाळत.

वाट आपोआप घडत नाही. सान्तो दोमिंगो दे ला काल्सादा या अकराव्या शतकातील तपस्व्याच्या नावातच 'फरसबंदी रस्ता' आहे. मठात प्रवेश नाकारला गेल्यावर त्याने रान तोडून रस्ता केला, नदीवर पूल बांधला, धर्मशाळा काढली. रस्ता बांधल्याबद्दल संतपद मिळालेला माणूस, असे त्याचे वर्णन करता येईल. रोन्सेसव्हायेसच्या खिंडीत, बुर्गोसमध्ये आणि अखेरीस सांतियागोच्या कॅथेड्रलसमोर शुश्रूषागृहे उभी राहिली. शेवटचे फर्नांदो आणि इसाबेला या राजदांपत्याने बांधविले. आज त्यात आलिशान हॉटेल आहे.

मराठी वाचकाला येथे पंढरीची वारी आठवणे स्वाभाविक आहे. पण दोहोंची घडण निराळी आहे. वारीला तिथी आहे, दिंडीत माणसाचे स्थान ठरलेले आहे, आणि संतांच्या पादुका पालखीतून सोबत चालतात. सांतियागोच्या वाटेवर सामाईक तिथी नाही, प्रत्येक जण आपल्या उंबऱ्यावरून निघतो आणि संत वाटेच्या शेवटी असतो. साम्य आहे ते वाटेवरच्या गावांत : दोन्हीकडे चालणाऱ्याला जेवू घालणे हाही यात्रेचाच भाग मानला गेला.

वाट मोडली तेव्हा

सोळाव्या शतकात जुना आक्षेप नव्या जोराने परतला. १५२० मध्ये मार्टिन ल्यूथरने रोमच्या यात्रा बंद कराव्यात अशी मागणी केली. बायकामुले उपाशी ठेवून पुण्य कमवायला जाणे त्याला मान्य नव्हते. सांतियागोत याकोब आहे की मेलेले कुत्रे, कोण जाणे, अशी त्याची टर होती. इरॅस्मससारख्या कॅथलिक विद्वानानेही यात्रेची खिल्ली उडविली. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३८ मध्ये कँटरबरीतील थॉमस बेकेटची समाधी मोडून टाकली. युरोपचे अर्धे रस्ते धार्मिक युद्धांनी बंद झाले. १५८९ मध्ये इंग्रज आरमार किनाऱ्यावर आल्याच्या भीतीने सांतियागोच्या आर्चबिशपने याकोबाच्या अस्थी लपविल्या, आणि त्या नेमक्या कोठे आहेत याचा पुढे विसर पडला. १८७९ मध्ये त्या सापडल्या; १८८४ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी त्यांना मान्यता दिली. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत आलेले यात्रेकरू अस्थींचा पत्ता नसलेल्या जागेपुढे गुडघे टेकत होते.

ज्यांना जाता येत नव्हते त्यांच्यासाठी वाटच गावात आली. जेरुसलेममध्ये फ्रान्सिस्कन संन्यासी यात्रेकरूंना येशूच्या अखेरच्या वाटेवरून थांबत थांबत नेत. त्याचीच प्रतिकृती युरोपातील चर्चमध्ये आणि टेकड्यांवर उभी राहिली. १७३१ मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी थांब्यांची संख्या १४ ठरविली. वसई, मुंबई आणि गोव्यातील चर्चच्या भिंतींवर उपवासकाळात जिच्यापुढे प्रार्थना होते, ती 'क्रुसाची वाट' म्हणजे हाच आक्रसलेला यात्रामार्ग. पंधरा-वीस पावलांत जेरुसलेम पायी पार करण्याची ही सोय, चालू न शकणाऱ्यांचा विचार करून झालेली.

पिवळे बाण

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सांतियागोची पायवाट जवळपास विस्मृतीत गेली होती. फ्रँकोच्या राजवटीने संताला राष्ट्रीय प्रतीक म्हणून मिरविले, पण चालणारे तुरळकच होते. ओ सेब्रेइरो या डोंगरमाथ्यावरील खेड्याचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी या मार्गावर संशोधन प्रबंध लिहिला होता. १९८४ मध्ये ते आपल्या मोटारीत पिवळ्या रंगाचे डबे घालून निघाले आणि झाडांवर, दगडांवर, घरांच्या कोपऱ्यांवर बाण रंगवीत गेले. रंग रस्त्याच्या कामातून उरलेला होता, असे सांगतात. आज जगभरात यात्रामार्गाची खूण म्हणून तोच बाण ओळखला जातो. १९८७ मध्ये युरोप परिषदेने या वाटेला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून घोषित केले, १९९३ मध्ये युनेस्कोने स्पेनमधील मार्ग जागतिक वारसा यादीत घेतला. १९८६ मध्ये सुमारे अडीच हजार यात्रेकरूंना पूर्ततेचे प्रमाणपत्र मिळाले होते. २०१९ मध्ये हा आकडा ३ लाख ४७ हजारांवर गेला आणि २०२४ मध्ये सुमारे ५ लाखांवर.

प्रमाणपत्रासाठी किमान शेवटचे १०० किलोमीटर चालावे लागते, आणि वाटेतील धर्मशाळा व चर्चचे शिक्के यात्रा-पुस्तिकेत असावे लागतात. परिणामी सांतियागोपासून सुमारे ११५ किलोमीटरवरील सारिया या गावातून मोठी गर्दी निघते. फ्रान्समधील सीमेलगतच्या गावापासून सुमारे ७८० किलोमीटर चालत आलेल्यांना ही गर्दी रुचत नाही, हेही खरे. हेतू धार्मिक वा आध्यात्मिक नसेल, तर वेगळे प्रमाणपत्र दिले जाते. शोक, घटस्फोट, नोकरीतून मुक्तता, नुसती उत्सुकता अशी कारणे चालणारे देतात. श्रद्धा नसलेला चालणारा यात्रेकरू ठरतो का, हा प्रश्न चर्चच्या वर्तुळात गंभीरपणे विचारला जातो. 'परका' हा मूळ अर्थ धरला, तर त्याला वाटेबाहेर काढणे कठीण आहे. मात्र दर वाढलेल्या धर्मशाळा आणि सामान पुढच्या मुक्कामी पोहोचविणाऱ्या गाड्या पाहता, उघड्या तोंडाच्या झोळीची जागा कशाने घेतली, हे विचारणेही तितकेच रास्त आहे.

भारताशी असलेला धागा

भारतात ख्रिस्ती यात्रेची परंपरा युरोपीय सत्तेहून जुनी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने मैलापूर येथील संत थोमाच्या थडग्याचे वर्णन केले आहे. तेथे ख्रिस्ती आणि मुसलमान दोघेही येतात आणि तापावर उतारा म्हणून तेथील माती नेतात, असे तो सांगतो. आज तमिळनाडूतील वेलांकन्नीला २९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या उत्सवकाळात चेन्नईसारख्या दूरच्या शहरांतून भगवी वस्त्रे नेसून भाविक पायी जातात. त्यांत हिंदूही असतात. केरळमधील मलयाट्टूरच्या डोंगरावर उपवासकाळात लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चढणाऱ्यांची रीघ लागते.

जुन्या गोव्यातील संत फ्रान्सिस झेवियर यांच्या देहाचे दर्शन मात्र थेट युरोपातील यात्रामार्गांशी जोडलेले आहे, तेही एका न घडलेल्या यात्रेमुळे. इग्नेशियस लोयोला १५२३ मध्ये जेरुसलेमला जाऊन आले होते आणि आत्मकथनात त्यांनी स्वतःचा उल्लेख 'यात्रेकरू' असाच केला आहे. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर त्यांनी आणि झेवियरसह सहा सोबत्यांनी जेरुसलेमला जाण्याची शपथ घेतली. तेथे जाणे न जमल्यास पोप सांगतील तेथे जायचे, अशी पुस्ती तिला जोडलेली होती. सोबती पॅरिसहून हिवाळ्यात पायी निघून जानेवारी १५३७ मध्ये व्हेनिसला पोहोचले. तेथून दरवर्षी यात्रेकरूंची जहाजे सुटत. त्या वर्षी व्हेनिस आणि तुर्की साम्राज्य यांच्यात युद्ध जुंपले आणि जहाज सुटले नाही. वाट पाहून अखेर सारे रोमला गेले आणि १५३८ मध्ये पोप तिसरे पॉल यांच्या स्वाधीन झाले. दोन वर्षांनी येशूसंघाला मान्यता मिळाली. पोर्तुगालच्या राजाने पूर्वेसाठी माणसे मागितली, तेव्हा झेवियर यांची पाठवणी झाली. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले.

चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी त्यांचे निधन झाले. देह १५५४ मध्ये गोव्यात आणला गेला. बॉम जेझू बासिलिकेत ठेवलेल्या त्या देहाचे दहा वर्षांतून एकदा जाहीर दर्शन होते. अलीकडचा सोहळा २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात झाला. दरवर्षी ३ डिसेंबरच्या फेस्ताला शेजारच्या सिंधुदुर्ग, बेळगाव, कारवार या भागांतून भाविक पायी येतात. स्पेनमधील नवारे प्रांतात झेवियर यांच्या जन्माचा किल्ला सांतियागोच्या अरागोनी वाटेपासून काही किलोमीटरवर आहे. मार्च महिन्यात पाम्पलोना आणि आसपासच्या गावांतून हजारो लोक त्या किल्ल्याकडे पायी निघतात. काही जण रात्रभर चालून ५० किलोमीटरचे अंतर पार करतात आणि सकाळी किल्ल्यासमोरच्या मोकळ्या मैदानात मिस्सा होते.